तिस्कावरची पेठ

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला 'पत' हा धडा शिकविताना पुस्तकातील व्याख्या सांगून झाली की मी एका वहीची गोष्ट सांगत असे. ती वही कोणत्या बँकेची नव्हती. गोव्यातील एका खाणीच्या गावात माझ्या मामांचे किराणा दुकान होते, त्या दुकानातील उधारीची ती वही. यंदा संपादक मंडळाने वार्षिकांकासाठी लेख मागितला, तेव्हा ती गोष्ट एकदाची पूर्ण लिहून काढावी असे ठरविले. वर्गात मी ती नेहमी अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी सांगण्याचा धीर नोकरीत असेपर्यंत झाला नाही.

खानापूरहून लोंढा, रामनगर करीत गाडी अनमोड घाट उतरते आणि मोले, धारबांदोडा मागे टाकून फोंड्याकडे जाते. या रस्त्यावर फोंड्याच्या अलीकडे उसगाव लागते. तेथे एक वाट फुटून पाळी-साखळीकडे जाते. जेथे तीन वाटा मिळतात त्या जागेला गोव्यात तिस्क म्हणतात. आपण तिठा म्हणू. उसगावच्या या तिस्कावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी दुकानांची रांग होती, तीच आमची पेठ. पेठ म्हणताना वाचकांनी बेळगावची गणपत गल्ली किंवा निपाणीची बाजारपेठ डोळ्यांसमोर आणू नये. कौलारू, बुटकी, पुढे पडवी असलेली दुकाने. एक पावाची भट्टी, दोन सलून, एक शिंपी, सायकलवाला, चहाची हॉटेले आणि दारूची दुकाने मात्र जरुरीपेक्षा जास्त. सगळ्यावर तांबूस धूळ. नवे लुगडे दुकानात टांगले तर आठ दिवसांत त्याचा रंग कोणता होता हे गिऱ्हाइकाला सांगावे लागे.

ही धूळ लोहखनिजाची. पाळी, वेळगे, पिसुर्ले, कोडली या आसपासच्या गावांतून खनिजाने भरलेले ट्रक नदीकाठच्या धक्क्यांकडे जात. तेथून ते बार्जमध्ये पडे आणि नदीमार्गाने मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत पोहोचे. जहाजे बहुतेक जपानला जाणारी. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबलो, सेसा ही नावे मी प्रथम वाचली ती ट्रकांवर आणि पाट्यांवर; वर्तमानपत्रात फार नंतर. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांत या धंद्याने जोर धरला होता. १९५५ पासून भारताने गोव्याची नाकेबंदी केली, सरहद्दीवरची रेल्वे बंद झाली, बेळगावची भाजी आणि धान्य अडले. त्या काळात गोव्यात हॉलंडचे बटाटे खाल्ले जात, हे मी तिस्कावरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकले आहे. ते परवडत होते, कारण खनिजाचा पैसा येत होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, घाट उघडला, आणि घाटावरची माणसे खाली उतरू लागली. मामा १९६४ साली उतरले.

मामांनी काय ओळखले हे सांगण्यासारखे आहे. तिस्कावर त्यांच्या आधीपासून दोन-तीन किराणा दुकाने होतीच. गोव्यात दुकानाला पसरो म्हणतात. त्या पसऱ्यांत उकडा तांदूळ, नारळ, सुके मासे, खोबरेल, गूळ असे स्थानिकांना लागणारे सर्व मिळे. पण खाणीवर खणायला आणि वाहायला आलेली माणसे होती आपल्याकडची: खानापूर, बैलहोंगल, बदामी, बागलकोट, गदग, विजापूर. त्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नसे आणि गोव्यात ज्वारी कोणी खात नाही. मामांनी पहिल्या वर्षी दुकानात काय ठेवले, तर ज्वारी, ब्याडगी मिरची, शेंगदाणे, निपाणीचा तंबाखू, घोंगडी आणि थोडी इरकली लुगडी. शिवाय खनिज वाहण्यासाठी बुट्ट्या. त्या काळी यंत्रे थोडी होती, बायका डोक्यावर बुट्टी घेऊन खनिज वाहत. गोव्यातले लोक या सर्वांना मिळून 'घाटी' म्हणत. मामाही घाटीच, पण दुकान घातल्यावर तीन वर्षांत ते 'पात्रांव' झाले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिस्कावर जाई. पहिल्यांदा १९६९ साली गेलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अक्षर बरे म्हणून मामांनी उधारीची वही माझ्याकडे दिली. लाल कापडी बांधणीची, लांबट, आडवी उघडणारी. शनिवारी संध्याकाळी मुकादम मजुरी वाटी आणि त्यानंतर दिवे लागणीला दुकानापुढे माणूस मावत नसे. माझ्या कानांवर एकच घोष: "सावकारऽ, साल बरी." मला वाटे, ही माणसे मामांना वर्ष चांगले गेल्याचे सांगत आहेत. व्याकरण नुकतेच शिकलेले. साल नपुंसकलिंगी, तेव्हा 'साल बरे' हवे, 'बरी' कसे, असा प्रश्न मी मामांना विचारला. मामा इतके हसले की मापाची ज्वारी सांडली. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज आणि 'बरी' म्हणजे लिही. "कर्ज लिही, म्हणतंय ते. बघतंस काय तोंडाकडं? लिव की!" या मासिकाच्या दुसऱ्या विभागाचे वाचक मला हसतील, पण मी कन्नड शाळेत शिकलो नाही, कर्ज लिहिता लिहिता शिकलो. सीमाभागात भाषेवरून जी काही भांडणे माझ्या आयुष्यात झाली, त्या प्रत्येक वेळी मला ती दुभाषी वही आठवली आहे.

वहीत नावे क्वचितच असत. एकाच नावाची दहा माणसे, म्हणून मामा गाव आणि खूण लिहीत: बदामीचा उंच, गदगची म्हातारी, हसणारा बैलहोंगल, दोन बुट्टीवाली. पान दोन भागांत विभागलेले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सही नाही, अंगठा नाही. मी एकदा म्हणालो, हा माणूस उद्या गावी पळाला तर? मामांचे उत्तर मी पुढे तीस वर्षे वर्गात सांगितले. ते म्हणाले, "माणूस पळंल. डोंगर कुठं पळतोय?"

या एका वाक्यात त्या पेठेचे सर्व अर्थशास्त्र आहे, म्हणून ते थोडे उलगडून सांगतो.

शेतीच्या गावातील बाजार आणि खाणीच्या गावातील बाजार बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांचे पोट वेगळे असते. निपाणीचे उदाहरण घ्या. निपाणी तंबाखूवर उभी राहिली. पैसा पेठेतून शेतात आणि शेतातून पेठेत असा फिरे. त्या फिरण्यात शेतकऱ्याच्या वाट्याला किती कमी येई, हे १९८१ च्या मार्च-एप्रिलमधील आंदोलनाने साऱ्या देशाला दाखविले. महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर ६ एप्रिलला गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. तो अन्याय खराच. पण तंबाखू पुढच्या वर्षी पुन्हा लावता येत असे आणि भाव पडला तर दुसरे पीक घेता येत असे. खनिज उगवत नाही. टनभर खनिज काढण्यासाठी अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो ढीग गावाजवळ राहतो, खनिज जहाजावर जाते आणि बदल्यात येते ती मजुरी आणि ट्रकाचे भाडे. पेठेत जे काही होते, ज्वारीपासून दारूपर्यंत, ते या दोन धाग्यांवर लोंबकळत होते.

इंग्लंडच्या खाणगावांत पूर्वी कंपनीच दुकान चालवी आणि मजुरी पैशाऐवजी मालात देई. ती पद्धत बंद करण्यासाठी तेथे १८३१ साली 'ट्रक ॲक्ट' झाला. (यातील ट्रक म्हणजे मोटार नव्हे, मालाच्या रूपात मजुरी देण्याच्या पद्धतीचे ते नाव. परीक्षेत दरवर्षी कोणीतरी मोटारच लिहीत असे.) तिस्कावर कंपनीचे दुकान नव्हते. मजूर कोणत्याही दुकानात जाऊ शके. पण प्रत्यक्षात तो तेथेच जाई जेथे त्याचे खाते होते, कारण रोख फक्त शनिवारी आणि भूक रोजची. म्हणजे त्याला बांधणारा दोर कंपनीच्या हातात नव्हता, मामांच्या हातात होता. मामा भले होते, भाव रास्त लावीत, व्याज लिहीत नसत. तरी उधारीवर नेणाऱ्याची ज्वारी रोखीने नेणाऱ्यापेक्षा किंचित महाग पडे, हे मी तराजूच्या मागे बसून पाहिले आहे.

उधारी तीन तऱ्हेची होती. पहिली मजुरांची, आठवड्याची. दुसरी ट्रकवाल्यांची. ट्रकाला भाडे खेपेवर. खेपांची चिठ्ठी जमत जाई आणि हिशेब पंधरवड्याने किंवा महिन्याने होई. तोवर डिझेल, टायर, गॅरेज आणि घरचा किराणा उधार. एका ट्रकामागे पेठेतील पाच-सहा दुकानांच्या वह्या उघडलेल्या असत. तिसरी पावसाची उधारी. ती खरी.

खाणीचे वर्ष ऑक्टोबरला सुरू होऊन मे अखेरीस संपे. जूनमध्ये खड्ड्यांत पाणी भरते, रस्ते निसरडे होतात, आणि मांडवीच्या मुखाशी आग्वादपाशी वाळूचा दांडा असल्याने पावसाळ्यात बार्जना तो मार्ग धोक्याचा होतो. काही बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत आणि तेथून मुरगावला जात. पण एकूण काम मंदावे. घाटावरचे मजूर पेरणीसाठी घरी निघून जात. राहत ती स्थानिक माणसे: ट्रकवाले, खाणीवरचे कामगार, क्लीनर पोरे. त्यांची कमाई थांबे, खाणे थांबत नसे. जूनपासून वही फुगू लागे. नागपंचमी, श्रावण, आणि मग चवथ. गणेश चतुर्थीला गोव्यात घर रिकामे ठेवीत नाहीत. मुंबईहून मुले येतात, माटोळी बांधतात, नवे कपडे, गूळ, नारळ, तांदूळ, डाळ. चवथीच्या आठवड्यात वही सर्वांत जड असे. त्यानंतर महिन्याभरात खाणी सुरू होत आणि दिवाळीनंतर ती हळूहळू हलकी होई. मामांची सगळी पत या एका विश्वासावर होती की पाऊस थांबला की डोंगर खणायला लागतील. १९६४ पासून एकही वर्ष असे गेले नाही की ऑक्टोबर आला आणि खाण उघडली नाही.

वर्गात मी येथे थांबत असे आणि म्हणत असे: पत म्हणजे भविष्याविषयीचा विश्वास. विद्यार्थी लिहून घेत.

आता न सांगितलेली अर्धी.

मामांच्या दुकानात सुरुवातीच्या वर्षांत उकडा तांदूळ येई तो आसपासच्या शेतकऱ्यांकडून. एक घर मला चांगले आठवते, कारण त्या घरची काकी भाताच्या पोत्याबरोबर माझ्यासाठी फणसाचे गरे आणी. त्यांचे शेत ओहोळाच्या काठी होते. खाणीच्या ढिगांवरून पहिल्या पावसाबरोबर लाल चिखल उतरे आणि शेतात बसे. चिखल एकदा बसला की भात धड येत नाही. नुकसानभरपाई मिळे, पीक बुडाल्याच्या हिशेबाने. मग काही वर्षांनी शेत पडीक, घरातील मोठा मुलगा खाणीवर आणि नंतर ट्रक. मामांच्या जुन्या वह्या मी चाळल्या आहेत. १९६७ च्या वहीत त्या घराचे खाते जमेच्या बाजूला आहे, म्हणजे मामा त्यांचे देणे लागत होते, भाताचे. १९८३ च्या वहीत तेच खाते नावेच्या बाजूला आहे. तांदळाचे. आम्ही त्यांच्याकडून भात घेत होतो. पुढे त्यांना तांदूळ विकला. यात मामांनी कोणाला फसविले नाही. परंतु दुकान वाढले ते या बदलातून वाढले, हे आकडे स्पष्ट सांगतात.

आणि त्याच वह्यांत, १९७५ च्या जूनमध्ये, एक ओळ आहे: भाचा, बेळगाव, कॉलेज फी व खोली. पुढे चार वर्षे जूनमध्ये तीच ओळ. ती खर्चाच्या वहीत लिहायला हवी होती. मामांनी ती उधारीच्या वहीत, माझ्या नावे लिहिली आहे. खाते बंद केलेले नाही.

मामा १९९८ साली गेले. दुकान मामेभावाकडे आले. तोवर बुट्टीवाल्या बायका दिसेनाशा झाल्या होत्या. खोदायला आणि भरायला यंत्रे आली होती, ज्वारीचे गिऱ्हाईक आटले होते. माझ्या भावाने दुकानाचा अर्धा भाग वेगळा काढून तेथे ट्रकांचे सुटे भाग ठेवले. त्याचा निर्णय बरोबर ठरला. २००३ च्या सुमारास चीनची मागणी वाढली आणि जे हलक्या प्रतीचे खनिज पूर्वी जपानी गिऱ्हाईक घेत नसे, ढिगांवर टाकून दिले जाई, तेही विकले जाऊ लागले. १९७० च्या दशकात गोव्याची निर्यात वर्षाला एक कोटी टनांच्या पुढे गेली होती, त्याचेच लोकांना अप्रूप होते. २०१०-११ मध्ये, कर्नाटकातून आलेला माल धरून, ती पाच कोटी टनांच्या घरात गेली. होस्पेटकडचे खनिज घेऊन ट्रक अनमोड घाट उतरत होते. तिस्कावर रस्ता ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे लागे. धूळ पूर्वी लाल होती, ती आता डोळ्यांना दिसेनाशी झाली, कारण धुळीशिवाय दुसरे काही दिसतच नव्हते. दुकानांवर मजले चढले. मोबाईलची दुकाने, तयार कपडे, सोनार, हप्त्यावर गाड्या देणाऱ्यांची कार्यालये.

या शेवटच्या कार्यालयांकडे मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक असूनही नीट पाहिले नाही. पूर्वीचे कर्ज पेठेतल्या पेठेत राहत असे. मामा थांबू शकत, कारण त्यांचा घाऊक व्यापारी बेळगावात थांबे. तो थांबे कारण त्याचीही कोठेतरी ओळख होती. पावसाळा सर्वांनाच ठाऊक होता. आता माणसे बायकोचे दागिने मोडून पहिला भरणा करीत आणि ट्रक घेत, दोन ट्रक घेत. हप्ता दरमहा. त्याला जून-जुलै कळत नव्हता. म्हणून पावसाळ्यातली जी काही रोकड हाती येई ती हप्त्याला जाई आणि घरखर्च सगळाच्या सगळा माझ्या भावाच्या वहीत. वरवर पाहता पेठ श्रीमंत झाली होती. खाली वही पूर्वी कधी नव्हती इतकी जड.

७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल संसदेत मांडला गेला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम थांबविण्याचा आदेश काढला. त्या वर्षी चवथ होती १९ सप्टेंबरला. म्हणजे मामांच्या हिशेबात वही ज्या आठवड्यात सर्वांत जड असते, त्याच आठवड्याच्या तोंडावर.

त्या रात्री भावाचा फोन आला. दुकानात माणसे यादी घेऊन येत होती. चवथ तोंडावर आली. त्याने विचारले, "देऊ काय नको? तू शिकवतंस की हे कॉलेजात." मी दहा मिनिटे बोललो. राज्याचे उत्पन्न किती मोठ्या प्रमाणात खाणींवर आहे, कोणतेही सरकार ते फार काळ सोडणार नाही, आदेशातच 'तात्पुरते' आहे, पावसाळा असल्याने तसेही काम बंदच, दिवाळीपर्यंत काहीतरी मार्ग निघेल. आणि मग मी मामांचेच वाक्य त्याला ऐकविले. डोंगर कुठे पळतो?

त्याने दिले. सर्वांना दिले.

५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक थांबविली. दिवाळी गेली. पुढची चवथ गेली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, परंतु प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडले, तेही अगदी थोडे. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चच्या मध्यापासून पुन्हा शुकशुकाट.

२०१४ च्या निकालात एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत अधिक लागली. पोर्तुगीजांनी दिलेल्या कायमच्या सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे झाले होते. न्यायालयाने म्हटले की त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे पेठेच्या भरभराटीची ती शेवटची पाच वर्षे, मजले चढले ती, सोनार आले ती, कायद्याच्या दृष्टीने मुदत संपल्यानंतरची होती. मामा म्हणत, डोंगर पळत नाही. ते खरेच आहे. डोंगर पळाला नाही. पळाला तो डोंगर खणण्याचा अधिकार, आणि तो कोणाकडे आणि किती वर्षांसाठी आहे हे ना मामांनी विचारले, ना भावाने, ना मी. अर्धे आयुष्य पतपुरवठा शिकविणाऱ्या माणसाने तारण काय आहे हे तपासले नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षे ऑक्टोबर आला, म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षीही येईल, हा माझा सिद्धांत. यात अर्थशास्त्र कमी आणि सवय जास्त होती.

खाणी बंद पडाव्यात असे ज्यांना वाटत होते त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. काकींच्या शेतात बसलेला चिखल मी पाहिला आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या त्या खर्च परवडेना म्हणून. गोव्यात लोक न्यायालयात गेले ते पाणी, शेत आणि रस्ते राखण्यासाठी. दोन्हीकडे पेठेला कोणी विचारले नाही. विचारायला हवे होते असाही माझा आग्रह नाही; पेठेने तरी कधी शेताला विचारले होते?

२०१३ च्या मे महिन्यात मी तिस्कावर गेलो. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, रांगेने, काहींची चाके काढून घेतलेली, खाली दगड लावलेले. टपांवर गवत. भावाने मला वही दाखविली. चार लाखांच्या वर येणे, त्यात चवथीच्या त्या आठवड्याचेच सत्तर हजार. मी काही बोलण्यापूर्वी तो म्हणाला, "तू दे म्हणालास म्हणून दिलं असं नाही. यादी घेऊन पोरगं दारात उभं असलं तर नको कसं म्हणतंस?" माझी समजूत घालण्यासाठी तो हे बोलला, असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, तो खरेच सांगत होता.

त्या आठवड्याच्या सत्तर हजारांपैकी पुढच्या सहा-सात वर्षांत निम्म्याहून थोडे अधिक परत आले. कोणी नारळ आणून दिले, ते भावाने बाजारभावाने जमा केले. सरकारी मदत मिळाली तेव्हा काही ट्रकवाल्यांनी आधी हप्ता फेडला आणि उरले ते वहीत दिले. काही गाव सोडून गेले. काकींच्या घरून दर चवथीला पाचशे रुपये येत. मुलाचा ट्रक भंगारात गेला होता आणि तो एका कारखान्यात पहारेकरी झाला होता.

मी भावाला माझ्या खात्याविषयी विचारले. १९७५ ते १९७८, चार ओळी, आजच्या मानाने किरकोळ रकमा. मी म्हणालो, हे जमा करून घे, व्याजासकट. त्याने वही माझ्या हातून घेतली, पान पाहिले आणि हसला. "हे बाबांचं खातं. त्यांनी मागितलं असतं तर दिलं असतंस. मी कशाला वसूल करू?" मी पैसे ठेवू लागलो तर त्याने ते गल्ल्यावरून परत सरकविले. पुढच्या वेळी मी त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे पाहतो म्हणालो, त्यालाही तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ती मुलगी पुढे आमच्याकडे बेळगावात राहून शिकली. त्याची नोंद कोठे केलेली नाही.

२०१९ साली शेवटचा गेलो. सुट्या भागांचा गाळा भावाने भाड्याने दिला होता, तेथे औषधांचे दुकान आले होते. पेठ मेलेली नव्हती. उसगावात टायरचा मोठा कारखाना १९७० च्या दशकापासून आहे, खाद्यपदार्थांचा आहे. त्यांच्या पाळ्या सुटल्या की थोडी वर्दळ होई. त्या कारखान्यांतून आणि आसपासच्या बांधकामांवर कामाला पुन्हा आपल्याकडचीच पोरे, बागलकोट-विजापूरची. पैसे मोबाईलवरून देत, उधारी विचारीत नसत, त्यांना कोणी दिलीही नसती. दुकानात शिरलो तर दारातच ज्वारीची दोन पोती होती. मी भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "विचारायला लागलेत. आणायला लागलो."